प्रतीक्षेतील प्रसन्नता : लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन

१

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाला जे स्थान लाभले आहे, ते आता वादातीत आहे. या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी लिहिताना समीक्षकांनी प्रायः दोन विशेषांचा आग्रहाने उल्लेख केला आहे. एक म्हणजे भाषेचा घरगुती साधेपणा आणि दुसरा म्हणजे दुःखाच्या प्रसंगीही न सुटणारा विनोद. हे दोन्ही विशेष निर्विवाद आहेत. तथापि, ज्या आयुष्यातून हा विनोद आला त्या आयुष्याचा फार मोठा भाग वाट पाहण्यात गेला, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. न सांगता घराबाहेर पडणाऱ्या पतीची वाट, धर्मांतर करून दुरावलेल्या पतीची वाट आणि अखेरीस त्याच पतीच्या मृत्यूनंतर त्याने अपुरे ठेवलेले काम पुरे होण्याची वाट, असे त्यांच्या प्रतीक्षेचे तीन कालखंड दिसतात.

या प्रतीक्षेत त्या प्रसन्न कशाच्या बळावर राहिल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वभावच तसा होता, असे एक उत्तर दिले जाते. जुन्या वळणाच्या स्त्रीची ती सोशिकता होती, हे दुसरे. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना शांती दिली, हे तिसरे. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु एकेकटे घेतल्यास प्रत्येक उत्तर अपुरे पडते. त्यांच्या जीवनाचा क्रम नीट मांडला, तरच या तीन गोष्टींचा परस्परसंबंध उलगडू शकतो.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. घरात त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या बंडाची एक काळी छाया या घरावर पडलेली होती. त्यांच्या आजोळच्या आजोबांना या बंडानंतर फाशी झाली होती. या घटनेचा आघात मनकर्णिकेच्या वडिलांच्या मनावर असा झाला की सोवळेपणाने त्यांना पुरते ग्रासले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे आणि या शुद्धीचा सारा भार घरातील बायकामुलांवर पडे. शुद्धाशुद्धतेच्या धाकात वाढलेल्या या मुलीने पुढे जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने सोडवला, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. वडील वामनराव अत्यंत तापट होते. आई जानकीबाई टिळकांच्या लहानपणीच गेल्या. त्यानंतर घर सोडून टिळक नाशिकला आले आणि तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. ते बुद्धिमान, कविवृत्तीचे, उदार आणि तितकेच लहरी होते. हातात आलेला पैसा ते गरजूला देऊन टाकीत. मनात आले की घरी न सांगता गावोगाव भटकत. त्यांच्या मागे राहिलेली पत्नी कधी सासऱ्यांकडे, कधी माहेरी, तर कधी बहिणीकडे दिवस काढी. सासऱ्यांचा स्वभाव पाहता हे दिवस सुखाचे नव्हते.

लक्ष्मीबाईंच्या प्रतीक्षेचा पहिला कालखंड तो हा. या काळातील त्यांच्या सोसण्याला धार्मिक अधिष्ठान शोधण्याचे कारण नाही. त्या काळच्या असंख्य स्त्रियांप्रमाणे त्यांनी ते सोसले. मात्र त्यांचे सोसणे मुके नव्हते. त्या भांडत, रुसत, उलट बोलत. नवऱ्याच्या लहरींवर मनात हसतही. पतीने त्यांना अक्षरओळख करून दिली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अर्थात त्यांची वाङ्मयीन जडणघडण ग्रंथांतून झाली नाही. ती झाली ओव्या, कहाण्या, कीर्तने आणि स्वयंपाकघरातील बोलणे यांतून. पुढील आयुष्यात ज्या प्रसन्नतेला ख्रिस्ती म्हणून ओळखले गेले तिचे बी येथे, ख्रिस्ती श्रद्धेचा स्पर्श होण्याच्या कितीतरी आधी पडलेले होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

३

१८९१ साली मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, याचा जन्म झाला. टिळक तेव्हा नागपूरकडे होते. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथविषयक काम चालू होते. 'ऋषी' हे मासिकही त्यांनी चालवले. रूढ हिंदू धर्माविषयी त्यांचे मन अस्वस्थ होते आणि जातिभेदविरहित अशा एका नव्या धर्माची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावले आणि दीर्घ मानसिक संघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयात लक्ष्मीबाईंचा सहभाग नव्हता. ही वार्ता आली तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते आणि पदरी चार वर्षांचा मुलगा होता. तत्कालीन ब्राह्मण समाजात बाटलेल्या पुरुषाच्या पत्नीची स्थिती विलक्षण होती. पती जिवंत असल्यामुळे ती विधवा नव्हती. परंतु त्याच्याकडे जाणे म्हणजे माहेर, सासर, जात आणि देव या सर्वांना मुकणे होते. न जाणे म्हणजे सौभाग्याची सारी चिन्हे अंगावर बाळगून आश्रिताचे जिणे जगणे होते. ज्या दुःखाला समाजात नाव नाही आणि विधीही नाही, असे हे दुःख होते. मेलेल्याचे सुतक फिटते; धर्मांतरिताच्या पत्नीचे सुतक फिटण्याची सोय शास्त्रात नव्हती.

पुढील चार-पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. काही काळ त्या पंढरपुरात होत्या. थोरली बहीण भिकूताई आणि तिचे यजमान नाना पेंडसे यांचा त्यांना मोठा आधार होता. या काळातील स्वतःचे कोलमडणे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेले नाही. शोक, आजारपण, लोकांचे टोमणे, मुलाच्या भवितव्याची चिंता हे सारे तेथे आहे. तेव्हा त्या प्रतीक्षेच्या काळात अखंड आनंदी होत्या असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु याच काळात दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही पुढील दृष्टीने निर्णायक ठरल्या.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांना कविता स्फुरू लागली. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या स्त्रीने आपले विरहदुःख शब्दांत मांडण्यास आरंभ केला. मराठी परंपरेत विरहिणीची रचना अपरिचित नाही. परमेश्वराची वाट पाहणारी विरहिणी संतांच्या वाणीत वारंवार भेटते, आणि पंढरपुरात तर ही वाणी रोज कानांवर पडणारी होती. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत या परंपरागत भूमिकेला प्रत्यक्ष जीवनाचे कठोर अस्तर लाभले. प्रतीक्षा ही नुसती भोगण्याची अवस्था न राहता काहीतरी घडवण्याची अवस्था झाली. त्यांच्या कविता त्यांच्या पश्चात 'भरली घागर' या नावाने संगृहीत झाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे टिळकांनी संबंध तोडला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, आणि पत्नीने आपल्या धर्मात यावे अशी कितीही तीव्र इच्छा असली तरी तिच्या श्रद्धेवर त्यांनी बळजबरी केली नाही. या अर्थाने प्रतीक्षा एकतर्फी नव्हती. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, टिळकही वाट पाहत होते. हा माणूस मुळात उतावळा आणि संतापी होता. त्याने या एका बाबतीत राखलेला धीर हा त्याच्या नव्या श्रद्धेचा कदाचित सर्वांत अवघड पुरावा मानावा लागेल.

अखेर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. प्रारंभी त्यांनी आपले सोवळे कटाक्षाने सांभाळले. आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. एका छताखाली दोन धर्म नांदत होते. वियोग संपला होता. प्रतीक्षा मात्र संपली नव्हती. येथेही टिळकांनी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंनी विचार केला तो आपल्या पद्धतीने, रोजच्या व्यवहारातून. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि ती माणसाने केली आहे असा निर्वाळा त्यांच्या बुद्धीने दिला. त्यानंतर विटाळाचे बंधन त्यांनी झुगारले. १९०० साली राहुरी येथे त्यांनी देवदत्तासह बाप्तिस्मा घेतला.

४

रूढ धर्मांतरकथेचा साचा असा असतो की बाप्तिस्म्यापूर्वी अंधार आणि नंतर प्रकाश. लक्ष्मीबाईंचे जीवन या साच्यात बसत नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रापंचिक कष्ट कमी झाले नाहीत. उलट घर वाढले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांचा सांभाळ, प्लेगच्या दिवसांतील रुग्णशुश्रूषा, पतीने वेळी-अवेळी घरी आणलेले पाहुणे आणि विद्यार्थी, या सर्वांचा भार त्यांच्यावर पडला. टिळकांची दानशूरता ख्रिस्ती झाल्यावर ओसरली नाही. तिला आता धर्माचे समर्थन मिळाले. महिनाअखेरीस डब्यात काय शिल्लक आहे याचा हिशेब लक्ष्मीबाईंनाच ठेवावा लागे.

या घरात वावरलेल्या तरुणांपैकी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हे विशेष उल्लेखनीय होत. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या लहान वयाच्या कवीकडे रसिकांचे लक्ष वेधले गेले. पुढे अहमदनगरात ते टिळकांच्या कुटुंबातील एक होऊन राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. टिळक धर्मशास्त्र शिकवीत, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करू लागले, आणि भजन-कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून देण्याचा त्यांचा प्रयत्न अव्याहत चालू होता. या साऱ्या सार्वजनिक कार्याच्या मागे एक स्वयंपाकघर होते.

पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात समाधान ही शिकण्याची गोष्ट मानलेली आहे. उपजत लाभणारी किंवा एका क्षणात प्राप्त होणारी नव्हे. ख्रिस्ती परंपरेतील ही कल्पना लक्ष्मीबाईंच्या जीवनाला चपखल लागू पडते. त्यांचे शिक्षण वियोगाच्या काळात सुरू झाले होते. नगरच्या घरात ते पुढे चालू राहिले. या समाधानात तक्रारीला मज्जाव नव्हता. पतीशी त्यांचे खटके उडतच होते. मात्र तक्रार करूनही मनात कडवटपणा साचू द्यायचा नाही, ही कला त्यांना साधत गेली. येथे सोशिकता आणि समाधान यांतील भेद स्पष्ट होतो. निव्वळ सोशिक माणूस परिस्थितीपुढे गप्प बसतो. समाधानी माणूस बोलतो, हसतो, प्रसंगी भांडतो आणि पुन्हा हातातल्या कामाला लागतो.

५

१९१७ साली टिळकांच्या जीवनाने आणखी एक वळण घेतले. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयोग आरंभला. बावीस वर्षांपूर्वी पतीने घेतलेल्या निर्णयामुळे जिचे घर मोडले होते, त्या पत्नीपुढे पतीचा असाच एक निर्णय पुन्हा उभा राहिला. दोन प्रसंगांतील अंतर मात्र लक्षणीय आहे. १८९५ साली लक्ष्मीबाईंना पतीच्या श्रद्धेचा अर्थच लागत नव्हता. १९१७ साली त्या श्रद्धेत त्या भागीदार होत्या, म्हणूनच तिची किंमतही त्यांना ठाऊक होती.

पुढील दोन वर्षे आघातांची ठरली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अंत झाला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या प्रतीक्षेचा तिसरा कालखंड येथून सुरू होतो. यापूर्वीच्या दोन्ही प्रतीक्षांना अंत होता, कारण वाट पाहण्याजोगा माणूस जिवंत होता. आता वाट कोणाची पाहायची होती? श्रद्धावान ख्रिस्ती माणसाच्या मते पुनर्भेटीची. परंतु केवळ परलोकाकडे डोळे लावून बसणे लक्ष्मीबाईंच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते.

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे येशूचे ओवीबद्ध चरित्र रचावयास घेतले होते. त्यांच्या निधनासमयी त्याचे सुमारे अकरा अध्याय झाले होते. हे काम पुढे नेण्याचे दायित्व लक्ष्मीबाईंनी स्वीकारले आणि त्यांनी तब्बल चौसष्ट अध्याय रचले. ज्या धर्मामुळे पतीशी ताटातूट झाली, त्या धर्माच्या प्रवर्तकाचे चरित्र त्याच पतीच्या आखणीवर पुरे करणे, हा त्यांच्या जीवनक्रमातील अत्यंत अर्थपूर्ण भाग आहे. काव्य म्हणून 'ख्रिस्तायना'च्या उत्तरभागाचे मूल्यमापन वेगळ्या कसोट्यांवर होऊ शकेल. पूर्वभागातील टिळकांचे भाषाप्रभुत्व त्यात सर्वत्र आढळेल असे नाही. परंतु प्रतीक्षेचे रूपांतर कामात करण्याची जी रीत त्यांनी पंढरपूरच्या दिवसांत आत्मसात केली होती, तिचीच ही परिणती होती. तेव्हा विरहातून काही मोजक्या कविता निघाल्या. आता एका महाग्रंथाचा मोठा भाग निघाला. संपूर्ण 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पाहण्यास लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले होते. पुरे झालेले काम हाती न पडताही त्या शेवटपर्यंत त्यात रमल्या होत्या, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

६

'स्मृतिचित्रे'चा उगमही अशाच एका दुसऱ्याच्या कामातून झाला. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी साधन म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. साधन म्हणून लिहिलेले लेखन स्वतःच एक श्रेष्ठ ग्रंथ ठरले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले.

या ग्रंथाचा उपयोग चरित्रसाधन म्हणून करताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. १८९५ चे दुःख येथे सांगितले आहे ते सुमारे चार दशकांनंतर, पासष्टी ओलांडलेल्या, ख्रिस्ती झालेल्या आणि वैधव्य पत्करलेल्या स्त्रीने. अनुभवाच्या क्षणीची तगमग आणि निवेदनाच्या क्षणीची प्रसन्नता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथातील विनोद पाहून तो काळच हसतखेळत गेला असे मानणे जितके चुकीचे, तितकेच तो विनोद म्हणजे दुःखावर मागाहून घातलेले पांघरूण आहे असे मानणेही चुकीचे ठरेल. पांघरूण घालणारी लेखिका स्वतःचा भाबडेपणा, हट्ट, पतीचा राग आणि नव्या धर्मबांधवांमधील उणिवा इतक्या मोकळेपणाने सांगत नाही.

धर्मांतरितांच्या आत्मकथनांची मराठीतील परंपरा बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'पासून सुरू होते. 'अरुणोदय'त सत्याचा शोध, वाद आणि निर्णय हा क्रम आहे. निवेदकाचे मन ग्रंथवाचनातून आणि तर्कातून घडताना दिसते. 'स्मृतिचित्रे'त वाद फारसा नाही. येथे सत्याचा शोध घेणारा नवरा आहे आणि त्या शोधाचे परिणाम भोगणारी बायको आहे. ती मागून येते, स्वतःच्या चालीने येते आणि वाटेत जे दिसले ते सांगते. त्यामुळे ज्या वाचकाला ख्रिस्ती श्रद्धेशी कर्तव्य नाही, त्यालाही हे निवेदन परके वाटत नाही.

अशा रीतीने लक्ष्मीबाईंच्या प्रसन्नतेचा उलगडा स्वभाव, सोशिकता आणि श्रद्धा यांपैकी एकाच गोष्टीने होत नाही. स्वभावाने त्यांना हसण्याची ताकद दिली आणि जुन्या संस्कारांनी टिकून राहण्याची सवय लावली. श्रद्धेने काय दिले? तिने दुःख नाहीसे केले नाही. वाट पाहण्याचा काळ हा फुकट गेलेला काळ नव्हे, असा विश्वास तिने दिला. या विश्वासामुळे आधीची कडू वर्षेही त्यांना पुढे नाकारावी लागली नाहीत; ती जशीच्या तशी सांगता आली. जिला स्वतःच्या गत आयुष्यातील काहीही लपवावेसे वाटत नाही, तिचे समाधान उसने नसते. लक्ष्मीबाईंना लेखिका म्हणून अभ्यासताना त्यांच्या विनोदाची स्थळे हुडकून थांबणे पुरेसे नाही. त्या विनोदामागे चार दशकांची जी प्रतीक्षा उभी आहे तिचा विचार झाला, तरच 'स्मृतिचित्रे'च्या साधेपणाची खोली अभ्यासकाच्या लक्षात येईल.